ओसरीवरची तिसरी खुर्ची

शनिवारी संध्याकाळी नागपूरची बस सौंसरला लागायची वेळ झाली की कमलच्या पोटात दुखायला लागायचं. हे दुखणं औषधाने बरं होणारं नव्हतं. त्या बसमधून तिची नणंद शोभा उतरायची, खांद्याला पर्स, हातात क्लिप लावलेली फाइल, आणि घरात पाऊल टाकताच खाटेवर अंग टाकून म्हणायची, "थकले बाई." आठवडाभर वर्गात बसून ही थकत होती. कमल पहाटेपासून उभी असायची, आणि आपण थकलो असं सांगायची तिला सोयच नव्हती. शोभाच्या पर्सचा, खांद्यापर्यंत कापलेल्या केसांचा, अगदी तिच्या बसच्या तिकिटाचासुद्धा कमलला हेवा वाटायचा. पण सगळ्यांत जास्त वाटायचा तो त्या थकण्याचा.

शोभा नागपूरला एम.बी.ए. करत होती. एम.बी.ए. म्हणजे काय, हे गावात समजावून सांगताना कमलचे सासरे पुंडलिकराव यांची पंचाईत व्हायची. "मोठ्या कंपनीचा कारभार चालवाचं शिक्षण हाये," असं ते सांगत, आणि समोरचा "म्हणजे मुनीमच ना?" म्हणाला की चिडत. संत्र्याची मोठी बाग, कापसाची शेती, आणि मुलीला एवढं शिकवणारा बाप म्हणून चारचौघांत मान. लोक त्यांचं कौतुक करू लागले की आत चुलीपाशी बसलेल्या कमलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिळपापड व्हायला कारण होतं. पाच वर्षांपूर्वी, ब्याऐंशी साली, पुंडलिकराव कमलला पाहायला पांढुर्ण्याला गेले होते. सौंसरचेच त्यांचे शेजारी यशवंतराव यांनी हे स्थळ सुचवलं होतं, तेही सोबत होते. कमल तेव्हा नुकतीच बी.कॉम. झालेली, पहिल्या वर्गात. पोहे झाले, चहा झाला, आणि तिच्या वडिलांनी भीतभीत विचारलं की पोरीला पुढे शिकायची हौस आहे, तिचं काय? पुंडलिकरावांनी कपबशी खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "शिकवू ना. आमच्या घरी शिक्षणाले कोणाची ना नाही."

कमलने त्या एका वाक्यावर होकार दिला. नवरा मोरेश्वर तिने नीट पाहिलासुद्धा नव्हता.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष नव्या सुनेचं म्हणून गेलं. दुसऱ्या वर्षी सासूबाई कलाबाईंचे गुडघे धरले. तिसऱ्या वर्षी मुलगी झाली. शिक्षणाला ना कोणीच म्हटलं नाही, हे खरं. हो म्हणायचंही सगळे विसरून गेले. त्याच दिवसांत कॉलेजातल्या शोभाला हिशेबाचा विषय जड जाऊ लागला, आणि तिला तो शिकवला कमलने, भाकऱ्या थापता थापता. शोभा दुसऱ्या वर्गात बी.कॉम. झाली, आणि पंच्याऐंशीच्या जूनमध्ये ट्रंक घेऊन नागपूरला गेली. तिला बसमध्ये बसवून परत आल्यावर कमलने मागच्या अंगणात जाऊन भांडी इतकी आपटली की कलाबाईंना वाटलं मांजर शिरली.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीत शोभा घरी आली ती चेहरा पाडून. नोकरी द्यायला कंपन्या कॉलेजातच येऊ लागल्या होत्या. दोन कंपन्यांच्या मुलाखतीत शोभाच्या तोंडातून शब्दच फुटला नव्हता. आता पंखे बनवणारी एक मोठी कंपनी फेब्रुवारीत यायची होती. सरांनी सांगितलं होतं, घरी माणसं समोर बसवा आणि सराव करा.

मग ओसरीवर खुर्च्या मांडल्या गेल्या. लोखंडी, घडीच्या, हिरव्या पट्ट्यांच्या त्या खुर्च्या कमलच्या आंदणातल्या. एकीवर पुंडलिकराव बसले, दुसरीवर मोरेश्वर, आणि समोर शोभा. पुंडलिकरावांनी घसा साफ करून विचारलं, "नाव काय पोरी तुह्यं?" मग शिक्षण विचारलं. मग काही सुचेना, म्हणून विचारलं, "स्वयंपाक येते काय?"

"बाबा, तुमी मले पाहाले नाही आले," शोभा रडकुंडीला येऊन म्हणाली.

दाराआड उभी असलेली कमल हसली. हसू आवरल्यावर तिच्या तोंडून आपोआप गेलं, "तुमी मार्केटिंगच काहून घेतलं, शोभाबाई? हिशेबात मार्क कमी होते म्हणून?"

शोभाचा चेहरा उतरला, आणि दुसऱ्याच क्षणी उजळला. "हेच. अस्सेच विचारतात ते. वहिनी, तू बस खुर्चीवर."

त्या घरात सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नसे. कलाबाई बसल्या नव्हत्या, त्यांची सासू बसली नव्हती. कमलच्या बापाने चार खुर्च्या पाठवल्या होत्या, पण पुंडलिकराव घरी असताना त्यांतल्या एकीवरही बसायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. कलाबाई म्हणाल्या, "खाली बसूनच विचार ना व." पण शोभा हट्टाला पेटली, आणि पुंडलिकरावांनी जरा विचार करून निकाल दिला, "बसू द्या. कामाचं हाये."

कमल तिसऱ्या खुर्चीच्या कडेला टेकली. डोक्यावरचा पदर सरळ केला आणि दुसरा प्रश्न विचारला.

त्या दिवसापासून दर शनिवारी ओसरीवर मुलाखत भरू लागली. शोभा पुस्तकं घरी ठेवून जायची, आणि कमल ती आठवडाभर वाचायची, प्रश्न शोधायला. पुस्तक उघडलं की तिला दोन गोष्टी एकदम वाटायच्या. हे सगळं आपण शोभापेक्षा चांगलं शिकलो असतो ही एक, आणि शोभा पडावी ही दुसरी. दुसरी गोष्ट मनात आली की तिला स्वतःची लाज वाटायची, पण ती यायची राहत नव्हती. प्रश्न मात्र ती प्रामाणिकपणे शोधायची, कारण वाईट प्रश्न विचारला असता तर खुर्ची गेली असती.

आणि प्रश्न असे बोचरे की पुंडलिकरावांनीही मान खाली घालावी. "विकाले जमत नाही अशी एक वस्तू सांगा, जी तुमी विकून दाखवाल." "मागच्या दोन कंपन्यांनी तुमाले काहून नाही घेतलं?" शोभा गुळमुळीत बोलली की कमल थांबवायची, "हे उत्तर नाही." हे तीन शब्द म्हणताना तिला जे सुख व्हायचं ते तिने लग्नात नवी पैठणी नेसतानाही अनुभवलं नव्हतं. एकदा शोभा खरंच रडली. कमलने तिला पाणी दिलं, डोळे पुसू दिले, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. हळूहळू शोभा बोलू लागली. शब्द जागेवर पडू लागले, मान वर राहू लागली. ते पाहून कमलचा जळफळाट आणखी वाढला. ही तयार होत होती, आणि तयार आपणच करत होतो.

एकाच प्रश्नावर शोभा अडायची. मुलीला घेतलं, शिकवून तयार केलं, आणि ती वर्षभरात लग्न करून गेली तर? कमलजवळ याचं उत्तर होतं. लग्नाआधी तिने स्वतःसाठी, पांढुर्ण्याच्या घरात आरशासमोर उभं राहून, ते घोकलं होतं. अंगावरचे दागिने तिने नणंदेला दोनदा घालायला दिले होते, पण हे उत्तर द्यायला तिचा जीव होत नव्हता. "तुमचं तुमी शोधा," ती म्हणायची.

मुलाखतीच्या आधीच्या शनिवारी शोभा वैतागली. "मले नाही जमत. वहिनी, तू इकडं बस, मी तिकडं बसते. तू कशी उत्तरं देतेस ते पाहू दे."

जागांची अदलाबदल झाली. आता समोर पुंडलिकराव, मोरेश्वर आणि शोभा, आणि एकटी कमल. पुंडलिकरावांना कळावं म्हणून सगळं मराठीतच चाललं होतं. शोभाने सरांनी शिकवलेला एक ठरलेला प्रश्न आधी घेतला. शिक्षण संपल्यावर मधली वर्षं रिकामी दिसली की तो विचारतातच.

"तुमी ब्याऐंशी साली बी.कॉम. झाल्या. त्याच्यानंतर पाच वर्षं काय केलं?"

शोभाच्या मनात काही नव्हतं. कमलच्या मनात सगळं होतं. लग्न झालं, संसार केला, असं काही तरी सांगून ती मोकळी होऊ शकली असती. तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

"वाट पाहिली," ती म्हणाली.

"कायची?"

"एका माणसानं चार लोकांत शब्द दिला होता. त्याची."

मोरेश्वर पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला. पुंडलिकराव उठले, बैलांना पेंड टाकायची राहिली म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. पेंड संध्याकाळीच टाकून झाली होती. सकाळच्या बसने शोभा गेली.

पुढच्या शनिवारी ती पेढे घेऊनच उतरली. पंख्याच्या कंपनीने तिला घेतलं होतं. बातमी कळताच यशवंतराव आले, आणखी दोघे तिघे बागायतदार आले. पुंडलिकराव आणि यशवंतराव खुर्च्यांवर बसले, बाकीचे सतरंजीवर. कमल चहाचा ट्रे घेऊन दारात आली तेव्हा शोभा रंगात येऊन सांगत होती.

"तोच प्रश्न आला. मुलगी आहे, लग्न करून जाल. मंग मी सांगतलं, सर, माझ्या वहिनीले पाच वर्षांआधी लोकांसमोर शब्द दिला होता, तो अजून कोणी पाळला नाही. शब्द मोडला की माणसाचं काय होते, हे मी घरात रोज पाहून राहिली. म्हणून मी राहीन म्हटलं तर राहीन. मंग एकानं हसून फाइल बंद केली." ती कमलकडे वळली. "वहिनी, तुह्याच उत्तरानं झालं पाहा."

हिला हिशेब शिकवला, प्रश्न दिले, दागिने दिले. वाट पाहणं एवढं एकच आपलं स्वतःचं उरलं होतं, आणि ही तेसुद्धा नागपूरला नेऊन खपवून आली. आणि वर हसत होती. त्या क्षणी कमलला शोभाचा जेवढा हेवा वाटला तेवढा तिच्या पर्सचा, केसांचा, थकण्याचा मिळूनही कधी वाटला नव्हता.

तिने ट्रे खाली ठेवला. भिंतीला टेकवलेली तिसरी खुर्ची घेतली, उघडली आणि पुंडलिकरावांसमोर मांडून तीत बसली. कडेला नाही, पाठ टेकून बसली.

"मामाजी, माह्या नावावर शोभाबाईले नोकरी लागली. माहा शिकाचा नंबर कधी?"

पुंडलिकरावांनी आधी पाहुण्यांकडे आणि मग पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं. "पाहू ना. करू काही तरी."

"हे उत्तर नाही, मामाजी."

यशवंतराव खोकले. "शब्द तं देला होता, पुंडलिकराव. मी होतो तठी."

"जूनमधी," पुंडलिकराव म्हणाले.

"फारम आणाले कोण जाते?"

"मी जातो सोमवारी," मोरेश्वर म्हणाला. पाच वर्षांत या विषयावर तो पहिल्यांदाच बोलत होता.

"मी बी येते संगं," कमल म्हणाली.

"अन् पोरगी?" कलाबाईंनी आतून विचारलं, आणि स्वतःच म्हणाल्या, "राहील माह्यापाशी. पण स्वयंपाकाचं काय?"

पुंडलिकरावांनी कपाला बोट लावून पाहिलं. "थंडा झाला. शोभा, दुसरा टाक."

शोभा आत गेली. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. मग हाक आली, "वहिनी, साखर कुठं राहते?"

सगळे कमलकडे पाहू लागले. ती खुर्चीतून उठली नाही.

"शोधा, शोभाबाई," तिने बसल्या जागेवरून सांगितलं.