गुंडातात्यांच्या रुमालाखाली

"घाई कुणाला हाय?"

हे गुंडातात्यांचं नेहमीचं बोलणं. पोतं सोडायला हमाल धावला, की तात्या म्हणायचे, घाई कुणाला हाय? सौदा अडला, गिऱ्हाईक उठून निघालं, आभाळ भरून आलं, शेठजी गादीवरून ओरडले, तरी तात्यांचं तेच. आणि ते अशा आवाजात, की ओरडणाऱ्यालाच आपण ओरडलो कशाला असं वाटावं.

सांगलीच्या पेठेत अजितकुमार शेठजींची हळदीची अडत होती. शेतकऱ्यानं हळद आणून उतरायची आणि अडत्यानं ती खरेदीदारांना विकून द्यायची, असा तो धंदा. तिथं सौदा करणारा माणूस म्हणजे गुंडातात्या. सोळाव्या वर्षी ते पाठीवर पोती वाहायला आले. पुढं गुडघा गेला, तेव्हा थोरल्या शेठजींनी त्यांना पोत्यांवरून काढून सौद्याच्या रुमालाशी बसवलं. त्याला तीस वर्षं झाली. अक्षर एक येत नव्हतं. तळवे मात्र इतके पिवळे, की पेठेतलं कुणीतरी रोज विचारायचं, "तात्या, आज लगीन कुणाचं?" आणि तात्या रोज सांगायचे, "तुजं न्हाई, एवढं नक्की."

या माणसाच्या हाताखाली सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात वडूजचा गंगाधर येऊन पडला.

गंगाधर पुण्याला कॉमर्स कॉलेजात शिकत होता. परीक्षा संपताना प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं होतं, "सुट्टीत कुठल्या तरी पेढीवर दोन महिने उमेदवारी करा. काय शिकलात ते व्यापाऱ्याच्या सहीनं लिहून आणा. ज्याच्याजवळ तशी चिठ्ठी असेल, त्याच्यासाठी मी मुंबईच्या कंपन्यांना शब्द टाकीन." गंगाधरचा थोरला भाऊ हरी मुंबईत गिरणीत होता आणि फी त्याच्या पगारातून येत होती. हरीनं पत्रात सरळ लिहिलं होतं : तुझी ती चिठ्ठी आली तर शेवटच्या वर्षाची फी पाठवतो. नाही आली, तर जूनमध्ये इकडे ये, माझ्या खात्यात चिकटवतो.

तेव्हा एका चिठ्ठीवर सगळं येऊन ठेपलं होतं.

गंगाधरनं छान इंग्रजीत अर्ज लिहिले आणि साताऱ्यापासून सुरुवात केली. साताऱ्यात कापडाच्या दुकानात विचारलं, "ओळख कुणाची?" ओळख नव्हती. लोणंदला एकानं अर्ज उलटा धरून वाचल्यासारखं केलं. सांगलीत एका किराणा दुकानात त्याच्या देखत अर्जाची पुडी झाली आणि तीत जिरं गेलं. सातव्या दुकानाला अजितकुमार शेठजी भेटले. ते अर्धवट ऐकून म्हणाले, "उमेदवार ठेवायचा की नाही ते गुंडा ठरवतो. त्याला विचार."

तात्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काय येतंय तुला?"

"हिशेब येतो, टायपिंग येतं, पत्रव्यवहार..."

"बसता येतंय का?"

गंगाधरला कळेना. तात्यांनी भिंतीकडचं एक पोतं दाखवलं. गंगाधर त्यावर बसला. सकाळची वेळ होती. गाड्या आल्या, हळद उतरली, सौदे झाले, माणसं येऊन गेली. ऊन दारातून आत आलं, त्याच्या गुडघ्यांवर चढलं आणि उतरलं. तात्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. एकदा तो पाणी पिऊन आला आणि पुन्हा बसला. पायांना मुंग्या आल्या, मग त्याही गेल्या.

दिवस कलल्यावर तात्या उठले. ते जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. घर पुलापलीकडं सांगलवाडीला. चपला पायात सरकवता सरकवता म्हणाले, "उद्या ये."

उमेदवारी सुरू झाली. पहिला पंधरवडा तात्यांनी त्याला फक्त हळकुंडं मोडायला लावली. कोरडं हळकुंड कट्‌ करून तुटतं, ओलसर असलं तर नुसतं वाकून फाटतं. आतला रंग उन्हात पाहायचा, सावलीत पाहायचा. डोळे मिटून नुसत्या आवाजावर माल सांगायचा. गंगाधरच्या कॉलेजच्या वहीत यातलं काही नव्हतं. त्यानं नवी वही केली. तात्या ती पाहून हसत, "लिव, लिव. हळद वाचती का बघू."

सौदा मात्र रुमालाखाली व्हायचा. तात्या खांद्यावरचा मोठा रुमाल हातावर टाकायचे. एकेक खरेदीदार येऊन त्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. रुपयांना पुरी बोटं, आण्यांना बोटाची पेरं. कुणी काय सांगितलं ते दुसऱ्याला दिसत नसे, आणि सौदा होईपर्यंत भाव तोंडातून काढायचा नाही, हा पेठेचा कायदा. सगळ्यांचे हात झाले, की तात्या फक्त नाव घ्यायचे. ज्याचं नाव, त्याचा माल. मग तिसऱ्या प्रहरी खरेदीदार आपापल्या भावाची चिठ्ठी आणून द्यायचा. तीस वर्षांत चिठ्ठी आणि हात यांत फरक पडला नव्हता.

"तात्या, हे मला येतंय," गंगाधर एक दिवस म्हणाला. "आमच्याकडं मेंढरांचा बाजार असाच चालतोय. दहिवडीला मामासंगं लहानपणापासनं बसलोय मी."

"येतंय म्हनतोस? बघू की. घाई कुणाला हाय?"

पण बघायचं राहूनच गेलं.

वैशाखात दिग्रजच्या धोंडुबाई गाडीभर हळद घेऊन आल्या. नवरा गेल्यापासून बाई स्वतः शेती करत आणि गाडीही स्वतःच हाकत. हळद सोन्यासारखी. त्या दिवशी तात्यांचा गुडघा सुजला होता, ते आत एरंडाचं पान बांधून पडले होते. शेठजी म्हणाले, "कॉलेजवाले, बसा आज तुम्ही." आतून तात्यांचा आवाज आला, "बसू द्या."

गंगाधरनं तात्यांचा रुमाल हातावर टाकला. बोटं ओळखीची वाटली. पाच खरेदीदारांनी हात घातले. सगळ्यांत चढे रुपये दोघांचे, आणि ते सारखे. आण्यांना धन्यकुमार शेठांनी बोटाचं मधलं पेर दाबलं आणि लालासाहेबांनी टोक. गंगाधरनं ऐटीत रुमाल झटकला, "लालासाहेब!"

तिसऱ्या प्रहरी लालासाहेबांची चिठ्ठी आली. गंगाधरनं वाचली आणि त्याचा चेहरा तापला.

"लालासाहेब, हातात आठ आणे सांगितले आणि चिठ्ठीत चार आणे लिहिले?"

काट्यावर पोतं तोलत होते, ते हमाल तसेच थांबले. पेठेत माणसाला काहीही बोला, त्याचा हात खोटा म्हणू नका.

लालासाहेब हळूहळू उठले. धिप्पाड माणूस, कल्लेदार मिशा. "माझा हात खोटा? कालच्या पोरानं म्हणावं? शेठजी, आजपासून तुमच्या पायरीला माझा पाय लागणार नाही."

आतून तात्या लंगडत आले. "लालासाहेब, बसा. घाई कुणाला हाय?"

"पण तात्या, ह्या पोरानं..."

"बसा तर खरं."

तात्यांनी रुमाल उचलून गंगाधरच्या हातावर टाकला आणि त्याच्या बोटाचं टोक दाबलं. "हे किती?"

"आठ आणे."

मधलं पेर दाबलं. "आनी हे?"

"चार आणे."

तात्यांनी डोळे मिटले. हळकुंडाचा आवाज ऐकताना मिटत तसे.

"तुमच्या मेंढरांच्या बाजारात असंल," ते म्हणाले. "हितं टोक म्हंजी चार आन, मधलं पेर म्हंजी आठ. लालासाहेबांनी चारच सांगितलं. आठ आन धन्यकुमार शेठांचं हुतं."

माल चढ्या भावाच्या माणसाला सोडून उतरत्याला गेला होता. आणि एकदा नाव घेतलं की सौदा फिरत नाही. वर खऱ्या माणसाला चारचौघांत खोटं ठरवलं होतं. प्राध्यापकांना दाखवायची चिठ्ठी गेली, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याच्या मागं फी गेली, आणि पुढं गिरणीचा भोंगा ऐकू आला.

रुमाल घडी करून तात्यांनी खांद्यावर टाकला आणि पोत्यावर बसून राहिले.

पेठेत हाताचा अपमान तोंडानं भरून निघत नाही; चुकलेल्यानं रुमालाखाली आपला हात दुखावलेल्याच्या स्वाधीन करायचा. गंगाधरनं एवढ्या दिवसांत ते एकदा पाहिलं होतं. तो तात्यांसमोर गेला, रुमाल मागून घेतला आणि लालासाहेबांपुढं रुमालाखाली मोकळा हात धरला. लालासाहेबांनी हात घातला आणि पाचही बोटं अशी दाबली, की गंगाधरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फिटलं," लालासाहेब म्हणाले. "पण माल चार आण्यानंच माझा."

"तुमचाच," तात्या म्हणाले.

आता धोंडुबाई राहिल्या. त्या बाहेर लिंबाखाली गाडीला टेकून भाकरी खात होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. न सांगता चाललं असतं, रुमालाखालचं त्यांना कुठून कळणार? गंगाधरनं एकदा तात्यांकडं पाहिलं. तात्या एक हळकुंड हातात फिरवत होते. तो पायरी उतरून लिंबाखाली गेला आणि सगळं सांगितलं.

धोंडुबाईंनी घास गिळला. "म्हंजी मेंढराच्या बोटानं माजी हळद इकलीस व्हय रं?"

"व्हय, आक्का."

"मनामागं चार आन गेलं?"

"गेलं."

बाईंनी पदराला हात पुसले. "माज्या अजून दोन गाड्या यायच्या हायत. त्या तूच इक."

"मी? आवं, मी तर..."

"तुला आता कळलंय न्हवं? दुसरा नवा कोन बसला तर त्येला पयल्यापासनं चुकावं लागंल. मला परवडायचं न्हाई."

पायरीवर हमाल खो खो हसले. शेठजींनी त्या मणामागच्या चार आण्यांची भर आपल्या अडतीतून, म्हणजे दलालीतून घातली. पेढीच्या रुमालाखाली झालेली चूक पेढीनं सोसायची, म्हणाले, आणि आठवडाभर गंगाधरशी बोलले नाहीत. तात्यांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्याचा हात रुमालाखाली घेतला. बोटं दाबायची, तो भाव सांगायचा. चुकला की तात्या पुन्हा पहिल्यापासून. ज्येष्ठ लागेपर्यंत गंगाधरची बोटं सांगलीची झाली. धोंडुबाईंच्या दुसऱ्या गाडीला धन्यकुमार शेठांचं नाव घेताना त्यानं रुमाल झटकला नाही, त्याची नीट घडी केली.

तिसरी गाडी आली, तो त्याचा अखेरचा दिवस. ती विकून झाल्यावर शेठजींनी दौत ओढली. कागदावर वरचा मायना लिहिला आणि थांबले.

"गुंडा, काय लिहू?"

गंगाधर दाराशी उभा होता. तात्यांनी बराच वेळ घेतला. नेहमीपेक्षाही जास्त.

"लिवा, ह्येला दोन बाजारांचं हात येत्यात."

शेठजींनी मान वर केली. मग हसले, आणि टाक कुरकुरला. "आणखी?"

"आनी चुकला तर सोता जाऊन सांगतोय."

शेठजींनी तेही लिहिलं, सही केली, वर वाळू टाकून झटकली. कागद गंगाधरच्या हातात आला. त्याला चार ओळी बोलायच्या होत्या, त्या मनात जुळवूनही ठेवल्या होत्या. तो तात्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "तात्या, थोडं बसा की. मोटारीला अजून येळ हाय."

तात्यांनी दारातून बाहेर पाहिलं. ऊन समोरच्या कौलांवर चढलं होतं.

"न्हाई गड्या," ते म्हणाले. "दिवस चालला. आज मला घाई हाय."

चपला सरकवून तात्या पायरी उतरले. गुडघा आखडत, रुमाल खांद्यावर, पिवळे तळवे मागं बांधून ते पुलाच्या वाटेला लागले. गंगाधर चिठ्ठी हातात धरून दारात उभा राहिला. रिकाम्या गाडीच्या जुवावर हात ठेवून धोंडुबाई पाहत होत्या, बैल जुंपायचे तसेच राहिले होते. वळणावर कुणीतरी विचारलं, "तात्या, आज लगीन कुणाचं?" तात्यांनी काय उत्तर दिलं ते इथवर आलं नाही. फक्त त्यांचा हात वर झालेला दिसला, आणि मग पुलाचा चढ.