मना नाही, मला

"मना नाही, मला," सिस्टर ग्रेटा माईकवर म्हणाली. सगळा हॉल हसला.

मी साक्ष द्यायला उभी होते. आमच्या मंडळीत रविवारची भक्ती संपत आली की पास्टर विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का. आठवड्यात काय सोसलं, देवानं काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. बोईसरला दुकानांच्या वरच्या मजल्यावर भाड्याचा हॉल आहे, तिथं आम्ही जमतो. पुढच्या खुर्च्यांवर मराठीवाले. मागे बिहार-ओडिशाहून कारखान्यात कामाला आलेले हिंदीवाले. म्हणून मराठीत बोललेलं लगोलग हिंदीत सांगायला दुभाषी लागतो. आमची दुभाषी सिस्टर ग्रेटा. वसईची. नवरा तारापूरला मोठ्या कारखान्यात साहेब.

बाकीच्यांना ती माईक हातात देते. मला दिला नाही. स्वतःच धरला, माझ्या तोंडापुढे, पोराला औषध पाजताना चमचा धरतात तसा. मी म्हटलं, "मना बोलायचं हाय." एवढंच बोलले होते मी.

हसणारे दुष्ट नव्हते. कौतुकानं हसले. पाड्यावरची बाई कशी गोड बोलते, असं. त्याचीच जास्त चीड आली.

तरी बोलले. "माजी भैन रूती. ड्रम धुवाया जाते कारखान्यात. ड्रमात ॲसिड ऱ्हायलेलं. हातमोजं फाटकं. हात जळला तिचा कोपरापर्यंत. गेटवर तिला सांगितलं, दवाखान्यात सांग घरी तेल सांडलं. जपून बोल."

सिस्टर ग्रेटानं एक श्वास घेतला. मग गोड आवाजात हिंदीत सांगितलं, "इनकी बहन का हाथ घर में जल गया है. गरम तेल गिर गया. सब लोग प्रार्थना में याद रखिए."

मागच्या खुर्च्यांवरून आमेन आलं. पुढच्यांनी माझी मराठी ऐकली होती. त्यांनी माना खाली घातल्या. पहिल्या रांगेत ब्रदर सॅम्युएल बसले होते, कामगार पुरवणारे ठेकेदार. रूती त्यांच्याच माणसांत. गेटवर तिला जपून बोलायला सांगणारे तेच. हॉलमधले स्पीकर, पंखे, खुर्च्या त्यांनीच दिलेल्या. सगळ्यांत मोठं आमेन त्यांचं.

ग्रेटाला वाटलं असेल, हिला कुठली हिंदी कळतेय. मी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. दिवसभर हिंदीच कानावर. मला प्रत्येक शब्द कळला. पण माईक तिच्या हातात होता आणि ती पुढच्या गाण्याचा नंबर सांगत होती. मी जागेवर जाऊन बसले.

जिन्यात तिनं मला गाठलं. खांद्यावर हात ठेवला. "अगं, राग मानू नकोस. तुझ्या भल्यासाठीच केलं. ब्रदर समोर बसलेत, आणि तू असं बोलतेस? ख्रिस्ती माणसानं शहाणपणानं बोलावं. जपून बोलावं. आपल्या शब्दानं कुणाला अडखळण होऊ नये."

जपून. ठेकेदाराचा शब्द. गेटवरचा शब्द जिना चढून देवाच्या घरात आला होता, आणि इथं त्याला बायबलातल्या वचनासारखा मान होता.

आता खरं सांगते. मी तिच्यावर जळते. तेव्हाही जळत होते, आज लिहितानाही जळतेय. तिच्या साड्यांवर नाही, नवऱ्याच्या गाडीवर नाही. जिभेवर. ती 'पाणी' म्हणते तेव्हा पाणी होतं. मी म्हणते ते पानी. ती प्रार्थना करायला लागली की रडकी पोरंसुद्धा गप्प बसतात. मराठीतून हिंदीत अशी उतरते की पायरी दिसत नाही. अनुग्रह म्हणते, सांत्वन म्हणते. आमच्या पाड्यावर ह्या शब्दांना कुणी ओळखत नाही, पण तिच्या तोंडून ऐकले की ते आपल्यालाच भेटायला आलेत असं वाटतं. मला ती जीभ हवी होती. देवाकडे मी नोकरी मागितली नाही, नवरा मागितला नाही. तिचा 'ण' मागितला.

भाकरी थापताना मी तालीम करायची. आहे, नाही, मला, पाणी. आहे, नाही, मला, पाणी. आई चुलीजवळून विचारायची, "कोनाशी बोलतंस गं?" मी म्हणायची, कुणाशी नाही. ती म्हणायची, "मंग नीट तरी बोल." तिला माझं शुद्ध बोलणं नीट वाटायचं नाही. आम्ही मनोरकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचे, वारली. मी लहान असतानाच आई विश्वासात आली, ख्रिस्ती झाली. अक्षर येत नाही तिला. शेतात भात लावताना, लाकडं तोडताना ती देवाशी आमच्या बोलीत बोलत आलीय. तिला अजून कुणी दुरुस्त केलेलं नाही.

आणि हे जे मी इतकं सरळ लिहितेय ना, ते ग्रेटाचंच ऐकून ऐकून शिकलेय. ह्याचाही मला राग येतो.

त्या रविवारी घरी पोचले तर रूती दारातच बसलेली. हात पांढऱ्या पट्टीत, मांडीवर धरलेला. तिनं एकच विचारलं. "फूलमतीला कळला का?"

फूलमती बिहारची. आमच्याच मंडळीतली, मागच्या रांगेत बसते. रूतीच्या जागी ड्रम धुवायला आता तिला लावलं होतं. तेच ड्रम, तेच मोजे.

मी म्हटलं, "नाय कळला."

रूतीनं तोंड फिरवलं. आई म्हणाली, "तू तं सांगाया गेलती."

दुसऱ्या दिवशी तिच्या चाळीच्या नळावर मी फूलमतीला गाठलं. माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. तिनं हंडा भरून घेतला, माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. म्हणाली, "पर सिस्टर ने तो बोला घर में जला. तेल से. सिस्टर चर्च में झूठ थोड़ी बोलेंगी?"

मी म्हटलं, मी रूतीची सख्खी बहीण आहे. ती म्हणाली, "तुम दुख में हो दीदी," आणि हंडा उचलून गेली.

म्हणजे ग्रेटाची जीभ एवढी चांगली, की तिचं खोटं माझ्या खऱ्यापेक्षा खरं वाटत होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. नुसता माझा अपमान असता तर मी गिळला असता. आयुष्यभर तेच केलंय. पण फूलमती रोज सकाळी त्या ड्रमात हात घालत होती, आणि जे हॉलमध्ये बोललं गेलं ते हॉलमध्येच पुसायला हवं होतं.

पुढच्या रविवारी लवकर गेले. जिन्यात पाय ठेवला तर वरून आवाज. ग्रेटा फोनवर बोलत होती, तिच्या आईशी. हेल काढून, तिच्या गावच्या बोलीत. वसईकडे ख्रिस्ती लोकांची आपली बोली आहे, ती. पुस्तकी मराठीचा त्यात मागमूस नव्हता. 'ण' नाही, 'ळ' नाही, काही नाही. मोकळी हसत होती. माझी चाहूल लागली तशी गप्प झाली. "नंतर करते," असं स्वच्छ मराठीत म्हणाली आणि फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी काही ऐकलंच नाही असं तोंड केलं.

हिच्याकडे दोन जिभा. एक आईसाठी, एक माईकसाठी. आणि माझ्याकडे एक, तीही हसण्यावारी नेलेली. हिच्या घरीसुद्धा 'मला'ला 'मला' म्हणत नसतील, आणि ही मला सुधारते. ते वाक्य मी खिशात ठेवल्यासारखं जपून ठेवलं. म्हटलं, आज काढते.

त्या दिवशी पास्टरांनी वचन द्यायला, म्हणजे बायबलातून शिकवायला, तिलाच उभं केलं होतं. विषय, जीभ. आपलं बोलणं मीठ घातल्यासारखं रुचकर असावं, असं ती सांगत होती. आधी मराठीत, मग हिंदीत. काय बोलली. जळता जळता मी ऐकत राहिले. फक्त मिठाचं ऐकताना मला आमची आई आठवली. पालघरच्या बाजारात सातपाटीच्या बाया सुकी मासळी घेऊन बसतात, तिथून ती बोंबील आणते. आई म्हणते, मीठ कमी पडला की मासळी आतून सडते. तिथं मीठ चवीचं नसतं. आणि तेच मीठ रूतीच्या हाताला लागलं तर ती किंचाळेल.

वचन संपलं. ब्रदर सॅम्युएल पहिल्या रांगेत, नेहमीच्या जागी. पास्टरांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का.

मी पुढे गेले. हात पुढे केला, माईकसाठी.

"बोल ना, मी धरते," ग्रेटा म्हणाली.

"द्या सिस्टर."

तिचं तोंड उतरलं. माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "तू माझ्यावर जळतेस. मला माहीत आहे." पण माईक तिच्या हातात, चालू. इतकी जपून बोलणारी ती, आणि नेमकं हेच सगळ्या हॉलनं ऐकलं. मागच्यांनाही कळलं. जळणं त्यांच्या हिंदीतही जळणंच.

मी म्हटलं, "हाय. जळते मी. पन आदी माजी भैन जळलीय."

कुणी हसलं नाही. मी माईक घेतला. ओढावा लागला नाही, तिचे हात सुटले.

आणि ते खिशातलं वाक्य जिभेवर आलं. सिस्टर, मघाशी जिन्यात आईशी कसं बोलत होता, तसं बोला ना जरा. एवढं म्हटलं असतं तर हॉल तिच्यावर हसला असता. मला ते हसणं हवं होतं. फार हवं होतं. तिच्याकडे बघितलं. ती मान खाली घालून साडीची पिन चाचपत होती. तिला कळलं होतं मी काय म्हणू शकते ते.

पण म्हटलं नाही. आईशी बोलायची भाषा कुणाच्या हसण्याला द्यायची नसते, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते वाक्य मी गिळलं. त्याला जपून बोलणं म्हणतात. मी ते तिच्याकडून शिकले नाही.

मग हिंदीत बोलले. कारखान्यातली हिंदी, तुटक तुटक.

"मेरी बहन का हाथ घर में नहीं जला. तेल नहीं था. ड्रम में ॲसिड था. मोजा फटा था. फूलमती, वही ड्रम तू धोती है. मोजा देख के डाल. फटा है तो मत धो. कोई बोले घर का तेल बोलो, तो मत बोलो."

ठेकेदाराचं नाव घेतलं नाही. न घेताच सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या.

आमेन आलं नाही. पंखे फिरत होते, त्यांचेच. मागे फूलमती उभी राहिली. नुसती उभी राहिली, मी खाली बसेपर्यंत.

पुढचं काही गोड नाही. रूतीला कामावरून काढलंच. हात वाकतो, पण मूठ नीट वळत नाही. फूलमती अजून ड्रमच धुते, पोट कुणाला चुकलंय. पण मोजा फाटका असला की हात खिशात घालून उभी राहते, दुसरा मिळेपर्यंत. म्हणून तिलाही काढतील, असं ती म्हणते. पास्टरांनी मला बोलावून सांगितलं, काही दिवस साक्ष नको, आणि पुढं द्यायची झाली तर काय बोलणार ते आधी आम्हाला सांगा. ग्रेटा चहाचा कप देताना एवढंच म्हणाली, "तुला बोलायचं शहाणपण नाही." मी कप घेतला. साखर बरोबर होती.

तिच्यावरचं माझं जळणं काही विझलं नाही. उलट वाढलं. पूर्वी वाटायचं, तिच्यासारखा 'ण' हवा. आता वाटतं, अशी जीभ माझ्या तोंडात असती तर मी काय काय उघडं केलं असतं, आणि ही तिचं झाकण करते. देवानं कुणाला काय दिलं, हा त्याच्याशी माझा वाद आहे. तो मी घरी घालते, आमच्या बोलीत, आईसारखा.

मला मिळालीय ती ही. पाड्यावरची. तालीम बंद केली आहे. भाकरी थापताना आता मी गप्प असते. ही जीभ घेऊनच जपून बोलणार आहे. कुणाच्या आईच्या भाषेला हसणार नाही. जळलेल्या हाताला तेल म्हणणार नाही. आणि काय बोलणार ते आधी कुणाला दाखवणार नाही.

येत्या रविवारी पास्टर विचारतील, कुणाला साक्ष द्यायची आहे का. माईक देवोत न देवोत. दुभाषी असो नसो. मी उभी राहणार.

मना बोलायचं हाय.