खांद्यावरचं पान

शहाडजवळच्या निर्वासितांच्या छावणीत एक सिंधी बाई जरीचं भरतकाम शिकवायच्या. मी कल्याणहून त्यांच्याकडे शिकायला जायचे आणि त्यांना चाची म्हणायचे. मुंबईच्या बड्या घरच्या बायकांचे नव्या फॅशनचे पोशाख त्यांच्याकडे भरायला येत. माझं काम हातात घेतलं की चाची आधी कापडाची मागची बाजू बघायच्या. तिथे गाठ दिसली की हसून "फिर से" म्हणायच्या आणि दिवसभराचं भरलेलं उसवायला लावायच्या. त्यांना रागावताना मी कधी पाहिलं नाही, आणि घाई करतानाही.

एकदा जरीची तार कापताना माझी कात्री निसटली आणि एका पोशाखाच्या निळ्या रेशमाला खांद्यापाशी भोक पडलं. मी रडायलाच लागले. चाचींनी त्या भोकावर बोट फिरवून पाहिलं. मग त्यांनी तिथे जरीचं छोटंसं पान भरलं.

गिऱ्हाईक बाई आल्या, तेव्हा मला वाटलं, चाची काही बोलणार नाहीत. पण त्यांनी स्वतःच ते पान दाखवलं.

"बाईसाहेब, इथं कपडा कापला गेला. मेरे हाथ से. पसंत नसेल तर नवा कपडा मी आणते."

बाईंनी खांदा उजेडात धरून पाहिला. "राहू दे. दुसऱ्या खांद्यावरही असंच काढा."

त्या गेल्यावर चाचींनी सुई ओवून माझ्या हातात दिली.

"दूसरा पत्ता तू कर."

पान पुरं होईपर्यंत चाची शेजारीच बसल्या होत्या, पण माझ्या हाताकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.