आश्रुबांचा कंप्युटर

माझं दुकान सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसमोर आहे, त्यामुळं गावात पाण्यावरून झालेलं एकही भांडण माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. मी दानम्मा. किराणा विकते आणि तोंडानं फटकळ आहे. हे लोकांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की आता मीच आधी सांगून टाकते. पण आश्रुबांची गोष्ट सांगताना माझ्या तोंडापेक्षा माझा हात जास्त आड येतो. तेवढं सोडून सांगितलं तर खोटं होईल, म्हणून सगळंच सांगते.

आमचं गाव उमापूरपासून चार किलोमीटर आत. आश्रुबा जोगदंड भीमनगरातले. बहात्तरच्या दुष्काळात सोळा वर्षांचे असताना ते आईबरोबर खडी फोडायला गेलते. तिथं मुकादमाला लिहिता येत नव्हतं, म्हणून हजेरी आश्रुबा लिहायचे आणि खाली अंगठा मुकादमाचा. पुढं ते गावच्या शेतकऱ्यांच्या सोसायटीत चपराशी लागले. तीस वर्षं कारकुनाचं सगळं काम केलं आणि चपराशी म्हणूनच रिटायर झाले. ठरावाचं पुस्तक उघडून बघा, पानंच्या पानं त्यांच्या अक्षरात आहेत आणि सह्या दुसऱ्यांच्या. दुकानावरून जाताना ते हात जोडून 'जय भीम, अक्का' म्हणायचे. मी वजनकाट्यावरून मान न उचलता 'हां' म्हणायची. ते वयानं मोठे, तरी मी त्यांना अरे-तुरे करायची. आता सांगताना जड जातंय.

दोन हजार तेरा साली विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाला. आमच्या टाकीवर एकसष्ट घरं, घरटी एक टिपाड, म्हणजे एक पिंप पाणी. पण टँकर कधी पुरा भरून आला असेल तर शपथ. शेवटच्या दहा-बारा घरांना तळातला गाळच यायचा आणि ती घरं बहुतेक भीमनगरातलीच असायची, कारण टिपाडं पुढं ढकलायला अंगात जोर आणि पाठीशी माणसं लागतात. डोकी फुटायची वेळ आली तेव्हा सोसायटीच्या पंचांनी नंबर लावायचं काम आश्रुबांवर टाकलं. शिव्या खायचं काम दुसरं कोण घेणार होतं? त्यांनी नियम साधा केला. मागच्या पंधरवड्यात ज्यांना गाळ मिळाला ती घरं पुढच्या पंधरवड्यात वर, आणि बाळंतीण किंवा आजारी माणूस असेल ते घर त्यांच्याही वर.

पहिली यादी त्यांनी हातानं लिहिली आणि माझ्या भिंतीला खळीनं चिकटवली. वरची अकरा नावं भीमनगरातली. नियमच तसा होता. लोक जमले, कुजबुज झाली. विठ्ठलराव म्हणजे आमच्या गावातले वजनदार माणूस, ते नुसतं हसले आणि म्हणाले की बरं जमवलंय गड्यानं. मी दुकानाची पायरी उतरले, कागद टराटरा फाडला आणि चुलीत घातला. माझ्या भिंतीवर तंटा नको, असं मी सगळ्यांना सांगितलं. मलाही तेच खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आश्रुबांचा मुलगा निवृत्ती सुट्टीवर आला. तो अंबडला शिक्षक. त्याचा कॉलेजातला जुना कंप्युटर घरी होता. त्यावर त्यानं यादी छापली, आणून लावली आणि जमलेल्या लोकांना एवढंच म्हणाला की हे नंबर कंप्युटरनं लावलेत. पुन्हा वर तीच अकरा घरं. पण आम्ही काय समजलो? मशीननंही तेच काढलं म्हणजे हिशोब बरोबरच असला पाहिजे. सगळे मुकाट उभे राहिले. मीही राहिले. त्यानंतर पुढचे दुष्काळ त्या छापील कागदावर निघाले. कुणी नंबराबद्दल तक्रार केली की दुसराच कुणीतरी म्हणायचा, 'कंप्युटरचं काय तुझ्याशी वाकडं हाय का?' आश्रुबा एका बोटानं टाइप करायला शिकले. बाहेरच्या खोलीत त्यांनी तो कंप्युटर टॉवेलाखाली झाकून ठेवला होता आणि नातवंडांना त्या टेबलाला टेकूही द्यायचे नाहीत.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात व्होल्टेज वाढलं आणि कंप्युटर जळाला. वार गुरुवार. सोमवारी नवा पंधरवडा सुरू होणार होता आणि फिरत फिरत भीमनगराचा नंबर पुन्हा वर आला होता. सोमवारी सकाळी छापील यादी लागली नाही तर ती अकरा घरं पुन्हा गाळावर जाणार, हे आश्रुबांना पक्कं ठाऊक होतं. मला ते नीट कळलं ते नंतर. मी आपली माल भरायला शनिवारी बीडला निघाले होते, तर हे एसटीत भेटले. उमापूर झालं, गेवराई झाली, कुठं साधा कंप्युटर मिळेना, म्हणून बीड गाठायचं म्हणाले. माझं तिथल्या बाजारात येणंजाणं, तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले.

पहिल्या मोठ्या दुकानात पोरगा पिक्चर किती झकास दिसतो तेच दाखवत राहिला. दुसऱ्यानं मोबाइलवरून मागवा म्हणून सांगितलं, स्वस्त पडेल आणि आठ दिवसांत घरपोच. आश्रुबांनी त्याला सोमवार आठ दिवसांनी येतो का म्हणून विचारलं, अगदी शांतपणे. शेवटी स्टँडच्या मागं, एका क्लासच्या जिन्याखाली, सिद्धेश्वर नावाच्या दुरुस्तीवाल्याकडं पोचलो. माणूस सरळ होता. लिहायला आणि छापायला नवा कशाला, कचेऱ्या आणि क्लासवाले बदलतात ते जुने संच चांगले असतात, असं तो म्हणाला. घ्यायच्या आधी तासभर समोर चालवून बघा, घरचा प्रिंटर त्याला चालतो का ते विचारा, मराठी टायपिंग घालून घ्या आणि गॅरंटी कागदावर लिहून घ्या. मी बैल घेताना विचारावं तसं विचारलं की हा आधी कुणाच्या घरचा आणि त्यानं विकायला का काढला. सिद्धेश्वर हसला. आश्रुबा हसले नाहीत.

मग त्यानं काम काय घेणार म्हणून विचारलं. आश्रुबांनी खिशातून कागद काढून पुढं केला. सोमवारची यादी, हातानं लिहिलेली, मोत्यासारखं अक्षर.

सिद्धेश्वर म्हणाला, "बाबा, पंधरा दिवसाला एक कागद, अन् त्यासाठी कंप्युटर कशाला घ्यायलात? हेच लावा की भिंतीला."

मीच शहाणी मध्ये पडले. हातानं नंबर कसे निघतील, ते तर कंप्युटर काढतो, असं त्याला सांगितलं. तो माझ्याकडं बघतच राहिला. कंप्युटर स्वतःहून असलं काही काढत नाही, ह्यांनी जे टाकलं तेच छापून येतं, असं त्यानं मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं.

आश्रुबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "हातानं लिहिलेलं फाडतेत. तेच छापलं की वाचतेत. तेरा साली एक आकडासुदिक बदलला न्हवता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी फाडलं ते त्यांनी सांगितलं नाही, सिद्धेश्वरला ते कळायचंही कारण नव्हतं. पण मला माझा हात दिसत होता.

संच तासभर चालवून बघायचा होता, तोवर आम्ही बाहेर बाकावर चहा घेतला. पश्चात्ताप झाला की माणूस आधी उदार होतं, तशी मी झाले. म्हणाले, "आश्रुबा, यादी मी लिहून देते. माझ्या हातचं कुणी फाडणार न्हाई. कशाला एवढा खर्च करतो?"

"तुमच्या हातचं फाडणार न्हाईत, ते मला बी ठावं हाय, अक्का," ते म्हणाले. "म्हणूनच तर कंप्युटर घ्यायलो."

तिथंच बोलायला पाहिजे होतं की फाडणारी मी होते, माझं चुकलं. नाही बोलले. त्यांना ठाऊक आहेच, असं मनाशी म्हटलं आणि चहा संपवला. परतताना एसटीत कंप्युटरचं खोकं त्यांच्या मांडीवर आणि त्याचा पडदा माझ्या मांडीवर.

रविवारी दुपारी कंप्युटर सुरू झाला. आश्रुबांनी संध्याकाळपर्यंत बोटानं एकेक घर टाइप केलं आणि शेवटच्या चार नावांवर आले असताना लाइट गेली. वावटळीत तार तुटली होती. उमापूरपर्यंतचा अख्खा फीडर, म्हणजे विजेची सगळी लाइनच बंद, आता मंगळवारीच, असा निरोप आला. म्हणजे छापायला जायचं तरी कुठं?

सोमवारी सकाळी आश्रुबा माझ्या दारात उभे होते. एका हातात तो लिहिलेला कागद, दुसऱ्या हातात खळीची वाटी. धोतर धुतलेलं, टोपी नीट बसवलेली.

"अक्का," ते म्हणाले, "भिंत तुमची हाय. लावू का?"

मी "लावा" म्हणाले आणि कागदाचे वरचे दोन कोपरे धरले.

टँकर आला. टिपाडं लागली, माणसं भिंतीशी जमली. विठ्ठलराव पुढं आले, कागदावरून नजर फिरवली आणि आज हातानं का, म्हणून विचारलं. आश्रुबांनी लाइट नसल्याचं सांगितलं. मग लाइट येऊ द्या, तोवर ज्याला जमेल तसं भरू द्या, असं विठ्ठलराव म्हणाले आणि कागदाच्या सुटलेल्या कोपऱ्याकडं त्यांचा हात गेला. मागं उभ्या भीमनगरातल्या बायकांनी आपापली टिपाडं मागं घ्यायला सुरुवात केली.

"त्या कागदाला हात लावू नका," मी म्हणाले. "तेरा साली असाच कागद मी फाडला. तंटा नको म्हणून न्हाई, ह्यांच्या हातचा हाय म्हणून फाडला. दुसऱ्या दिवशी तेच नंबर छापून आले अन् आपण सगळे गपगुमान उभं राहिलो. कंप्युटरनं काही लावलेलं न्हवतं. सगळं ह्यांनीच लावलेलं, आजवर."

विठ्ठलरावांनी हात मागं घेतला. अक्षर बारीक आहे म्हणून जवळून बघत होतो, असं काहीतरी पुटपुटले आणि आपल्या टिपाडाशी जाऊन उभे राहिले. बाकीच्यांनी एकमेकांकडं बघितलं, मग कागदाकडं, आणि आपापले नंबर शोधायला लागले. पहिलं टिपाड सरूबाईंचं लागलं, भीमनगरातल्या. माझा नंबर एकेचाळीस होता. माझ्यापर्यंत पाणी पुरलं.

खरं सांगते, माझी छाती फुगली होती. चारचौघांत स्वतःची चूक सांगणं काय सोपं आहे का? गर्दी पांगल्यावर मी आश्रुबांकडं गेले. आता हे काहीतरी चांगलं बोलतील, निदान हसतील, अशी माझी अपेक्षा होती. ते टाकीच्या कट्ट्यावर बसून बोटांना लागलेली खळ मातीनं चोळून काढत होते, पाणी वाया जाऊ नये म्हणून.

"तुमी बोललात ते बरं केलं, अक्का," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पण आज बी कागद तुमच्या बोलण्यानं राह्यला. माझ्या अक्षरानं न्हाई."

आणि ते वाटी घेऊन घरी गेले.

मंगळवारी लाइट आली. पुढच्या पंधरवड्याला यादी छापून आली, त्याच्या पुढच्याही. ती लावताना मी कोपरे धरायची, ते खळ लावायचे, आणि 'जय भीम, अक्का' म्हणाले की मी काटा सोडून हात जोडायची. पण ते वारले तोवर त्यांनी माझ्या भिंतीवर हातानं लिहिलेलं पुन्हा काही लावलं नाही.