रफूचा तुकडा

माझ्या सासूबाई, मैना, देवरूखजवळच्या आमच्या गावात गोधड्या शिवतात. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्या साडीला कात्री लावलेली नाही. जुन्या साड्यांचे थर लावायचे आणि कडेपासून आत हातानं धावदोरा घालत जायचं, बस्स. पांघरणाऱ्याला साडी ओळखता आली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. बोलायला फटकळ, पण गोधडी देण्याआधी स्वतःच्या गालाला लावून बघतात, टोचत नाही ना म्हणून.

मला हे सगळं जुनाट वाटायचं. मी मोबाइलवर नवी पद्धत पाहिली होती. नक्षीच्या कापडाचे सहा थर फुलावर फूल येईल असे जुळवायचे, एकदम त्रिकोण कापायचे आणि टोकाला टोक जोडायचं. निराळंच मोठं फूल तयार होतं. शेजारच्या भिकाजीकाकांनी गेलेल्या बायकोची निळी, फुलाफुलांची साडी गोधडीला आणून दिली, तेव्हा मी आईंच्या मागेच लागले.

"कापायची नाय गो बाय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या बायकोची हाय ती."

"जग कुठे गेलं आणि तुम्ही कुठे, आई!"

त्या उठून चुलीकडे गेल्या. कात्री मीच चालवली. साडीवर एका जागी जाड काळ्या दोऱ्यानं वेडंवाकडं रफू केलेलं होतं, ते कशाशीच जुळेना. "डोळे मिटून शिवलंय की काय कुणी!" म्हणत मी तो तुकडा वगळला. स्वयंपाकघरात त्याचं मसोतं झालं, गरम भांडी उतरवायला. त्रिकोण मी मशीनवर जोडले, धावदोरा आईंनी घातला. फुलं खरंच सुरेख झाली. फोटो मी गावभर पाठवले.

भिकाजीकाका न्यायला आले. ओटीवर गोधडी पसरली. "छान झालीय," ते म्हणाले, पण त्यांचा हात कापडावर काहीतरी शोधत राहिला.

"वहिनी, त्यातलं रफू कुठंय? साडी करवंदीत फाटलेली. हिचा हात प्लास्टरात, म्हणून मीच शिवलं. जन्मात पहिल्यांदा सुई धरली. मग तिनं ते कधी उसवू दिलं नाय."

नेमकी त्याच वेळी मी चहाचं पातेलं घेऊन दारात आले. पातेल्याला धरलेलं मसोतं काकांनी पाहिलं. आईंनीही पाहिलं.

"माझ्या हातून कापलं गेलं, भाऊ," आई म्हणाल्या. "म्हातारपणी नसती हौस." एवढ्या वर्षांत त्यांना कुणापुढे मान खाली घालताना मी पाहिलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी तो तेलकट तुकडा माझ्या हातातून घेतला, साबणानं धुतला, उन्हात वाळवला. काका बसून होते. मग उशाकडच्या माझ्या सगळ्यात देखण्या फुलावर ठेवून आईंनी तो शिवून टाकला. सुईत दोरा मी ओवून दिला. चहा केव्हाच गार झाला होता.

काका त्या रफूवरून बोट फिरवत राहिले. निघताना म्हणाले, "असू दे, वहिनी. चूक सगळ्यांच्याच हातून होते."

आईंनी मान हलवली. कात्री माझ्या हातात होती, हे मी तेव्हाही बोलले नाही.