खंडित मूर्ती

अंबरनाथच्या शिवमंदिरात मी दादाला शिल्पं बघायला नेलं, असं घरी सांगितलं होतं. खरं कारण वेगळं. पुढच्या रविवारी परळला आमची सभा होती, आणि गोळीबारात उजवा हात कोपरापासून गेलेला माणूस आम्हाला व्यासपीठावर बसवायचा होता. तो माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. लालबागच्या चाळीत, आईच्या देखत, ते विचारायला माझी जीभ रेटेना.

मुंबईसह महाराष्ट्रासाठीच्या त्या मोर्चात त्याला ओढलं मीच. तो गिरणीत साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर होता. दोन साचे चालवायचा, त्यावर मी शिकलो. आता खात्यात माणसं कामाला घेणारा जॉबर त्याला दर खेपेला "बघू रे" म्हणून वाटेला लावायचा. आमच्या पत्रकांत हुतात्म्यांची नावं चौकटीत छापली जात. जगल्या-वाचलेल्यांना चौकट नव्हती.

देऊळ काळ्या दगडाचं. बाहेरच्या भिंतीवर तळहाताएवढी जागा मोकळी नाही. हत्ती, देव, नाचणाऱ्या बाया. मी सवयीनं सुरू झालो, "बघ दादा, आपल्या माणसांनी घडवलंय हे. आणि दिल्ली आपल्याला सांगते, मुंबई तुमची नाही!"

"मेल्या, दगडाक तरी सोड. तो काय मत देतलो?"

मी हसलो. कित्येक महिन्यांत त्यानं चेष्टा केली नव्हती. वाटलं, आता विचारावं.

पण तो एका बाईच्या मूर्तीसमोर थांबला होता. तिचा एक हात खांद्यापासूनच नव्हता. शेजारच्या देवाचे दोन्ही नव्हते. कुणी एक गृहस्थ कॅमेरा डोळ्याला लावून बायकोला म्हणत होते, "काय डौल आहे बघ!"

"हात नाय तरी फोटो काढतत," दादा म्हणाला. तेवढ्यात पुजारी तांब्या घेऊन गाभाऱ्याच्या पायऱ्या चढून वर आले. दादानं त्यांना विचारलं, "हेंची पूजा करतत?"

"छे हो. खंडित मूर्तीची पूजा होत नाही. पूजा खाली पिंडीची. हे नुसतं बघायला."

'खंडित महाराष्ट्र घेणार नाही' हे वाक्य माझं. मी लिहायचो, आणि खळ लावून भिंतीभिंतीवर ते चिकटवायचा दादा.

"तुझोच शब्द रे," तो म्हणाला. रागानं नव्हे. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

संतापायला मला माणसं कधी कमी पडली नाहीत. सरकार, गोळ्या घालणारे, जॉबर, सगळे रोज पुरून उरायचे. त्या दुपारी त्यातला एकही कामाला आला नाही. गप्प बसून त्याला घरी आणायला हवं होतं. पण रविवार जवळ आला होता, आणि मी सभेच्या लोकांना कबूल करून बसलो होतो. मंडपाच्या पायरीवर बसल्यावर मी व्यासपीठाचं विचारलं.

भांडेल, उठून जाईल, म्हणून मी वाट बघत होतो.

"नुसता बसूचा ना? बोलूचा नाय?"

"नाही. बसायचं फक्त."

"आणि शर्टाची बाही? खाली सोडू, काय दुमडू?"

मी म्हणालो, "दुमड."