गावासकट नमस्कार

"बोला, कुणाचा नमस्कार हाय?" शनिवारी दुकान बंद करायच्या वेळी सदऱ्याच्या खिशातून पेन काढून माझे सहकारी विचारायचे. गुलमंडीवरच्या कापडाच्या दुकानात आम्ही वीस वर्षं एकाच गादीवर बसलो. ते गिऱ्हाइकापुढे साड्यांचा ढीग घालायचे आणि मी घड्या करायचो.

देवाला निघालेल्या माणसाला तुम्ही-आम्ही सगळेच म्हणतो, "आमचाही नमस्कार सांगा." म्हणतो आणि विसरतो. यांनी मात्र ते मनावर घेतलं होतं. वेरूळ असो, पैठण असो की खुलताबादचा भद्रा मारुती, ते कागदावर नावं लिहून न्यायचे आणि देवापुढे उभं राहून वाचायचे. तेही गावासकट.

"गाव कशाला?" मी एकदा विचारलं.

"एका नावाची लई माणसं असतेत. देवानं कुणाकुणाला हुडकावं?"

मागची रांग खवळायची. "ओ काका, सरका की!" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "थांबा, एक नमस्कार राहिलाय."

मी काही देवभोळा नाही. त्यांना पोस्टमन म्हणून चिडवायचो, ते खुशीत हसायचे. "यादीत तुमचं नाव कुठंय?" असंही एकदा विचारून पाहिलं.

"मी समोर उभा असतो की. माझं कशाला लिवायचं?"

माझ्या बायकोचं ऑपरेशन होतं, त्याच्या आदल्या दिवशी ते वेरूळला गेले. तिथे पुरुषांना सदरा काढूनच गाभाऱ्यात जावं लागतं. यांनी काढला, पिंडीपुढे पोचले आणि लक्षात आलं, कागद खिशात आणि खिसा बाहेर! पुन्हा बाहेर, पुन्हा ती लांबलचक रांग. दुसऱ्या खेपेला कागद दातात धरून आत शिरले. संध्याकाळी थेट दवाखान्यात आले आणि हिला म्हणाले, "वैनी, उशीर झाला, पर नमस्कार पोचला." सगळा प्रकार ऐकून ती इतकी हसली, की नर्स धावत आली. त्या दिवशी मी त्यांना चिडवलं नाही.

गेल्या वर्षी ते पडले, मांडीचं हाड मोडलं. मुलगा त्यांना गावी सोयगावला घेऊन गेला. मला दुकानात करमेना, हे कबूल करतो. मग श्रावणात त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"येरुळला जाल का कधी?"

"जाईन की. का हो?"

"आता माझं नाव लिवा."

रविवारी मी रांगेत उभा राहिलो. एकच नाव, तेही तोंडपाठ, तरी लिहून नेलं होतं. सदरा काढताना कागद आठवणीने दातात धरला. पिंडीपुढे तो हातात घेतला आणि ओल्या झालेल्या घड्या एकेक करून उलगडू लागलो.

"ओ काका, चला ना पुढं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"थांबा," मी म्हणालो, "एक नमस्कार राहिलाय." आणि त्यांचं नाव मोठ्याने वाचलं, सोयगावसकट.